शेवटच्या रिळातला जोड

उताराच्या रस्त्याला दोन टोकं होती आणि दोन्ही टोकांना एकेक थिएटर. पाट्यांवर नावं चांगली भारदस्त होती, पण ती घेण्याचे कष्ट कुणी घेत नसे. एक वरचं, एक खालचं, संपलं. दोन्हीकडे सिनेमा एकच लागायचा, कारण प्रिंट एकच यायची. वरचा खेळ तीनला, खालचा चारला. वर एक रीळ दाखवून झालं की ते उलटं गुंडाळायचं, तपासायचं, डब्यात घालायचं आणि केबिनच्या बारक्या खिडकीतून बाहेर द्यायचं. खालच्या थिएटरातून सायकल यायची आणि डबा घेऊन उतार उतरायची. रिळं बारा, म्हणजे फेऱ्या बारा. लोक अंधारात बसून रडायचे, हसायचे, आणि त्यांचं ते रडणं-हसणं तासाभराने उताराच्या खालच्या टोकाला जसंच्या तसं पुन्हा व्हायचं.

दोन्ही ऑपरेटरांना लोक मास्तर म्हणत. वरचे मास्तर आणि खालचे मास्तर एकाच उस्तादाच्या हाताखाली शिकले होते, एका ताटात जेवले होते, आणि बावीस वर्षं त्यांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं. कारण साऱ्या रस्त्याला पाठ होतं. बावीस वर्षांपूर्वी नदीचा सिनेमा लागला. नदीच्या दोन काठांवर दोन घरं, त्यांच्यात एका बुडालेल्या नावेवरून जुनं वैर, आणि या घरातल्या मुलीचं त्या घरातल्या मुलावर प्रेम. शेवटच्या रिळात दोघं पुरात उतरतात. पहिल्याच दिवशी ते शेवटचं रीळ खाली वेळेवर पोचलं नाही. पडदा पांढरा, प्रेक्षक बेभान. खुर्च्या मोडल्या, दगड आले, आणि एक दगड केबिनच्या काचेतून आत शिरून खालच्या मास्तरांचा डावा डोळा घेऊन गेला. ते म्हणाले, रीळ आलंच नाही. वरचे म्हणाले, मी वेळेवर दिलं होतं, तुझ्या सायकलवाल्याने वाटेत वेळ काढला. त्या दिवसापासून खालच्या मास्तरांना फोकस साधायला दुसऱ्याचा डोळा लागू लागला. आधी बायकोचा, मग मुलाचा.

हा मुलगाच आता सायकलवर यायचा. आणि केबिनमध्ये रिळं गुंडाळायला बसायची ती वरच्या मास्तरांची मुलगी.

तिची आई ती नऊ वर्षांची असताना गेली. तेव्हापासून पोर केबिनमध्येच वाढली, आणि तुटलेली फिल्म जोडण्यात तिचा हात धरणारं कुणी उरलं नाही. ती तुकडा असा कापायची, सोल्युशनचा थेंब असा लावायची, की जोड पडद्यावरून निघून जाई आणि पापणीलाही कळत नसे. तिकीट खिडकीवरच्या मावशींनी तिचं नाव चिकटी ठेवलं होतं. बोटांना सतत सोल्युशनचा वास, नवरा पळून जाईल अशाने, असं त्या म्हणत. चिकटी म्हणायची, पळणार कसा, चिकटेल की.

रिळात एखादा जोड कच्चा वाटला तर तिथे कागदाची पांढरी चिठ्ठी घालून ठेवायची, हा धंद्यातला जुना रिवाज. पुढच्या ऑपरेटरला रीळ गुंडाळताना ती दिसते आणि तो सांभाळून घेतो. वरच्या मास्तरांनी बोलणं टाकलं होतं, पण चिठ्ठी टाकली नव्हती. तेवढं इमान दोघांनीही राखलं होतं.

दीड वर्षापूर्वी एका चिठ्ठीवर चिकटीने पेन्सिलीने लिहिलं, ‘इथे सावकाश.’ रिकामा डबा परत वर आला तेव्हा तीच चिठ्ठी तळाशी होती आणि मागे लिहिलं होतं, ‘मी नेहमीच सावकाश. तूच घाईत खिडकी लावून घेतेस.’ खिडकी ती लावत नव्हती, तिचे बाबा लावत होते. हे कळवायला दुसरी चिठ्ठी लागली. मग काय, कच्चे जोड एकदम वाढले. मारामारीच्या सिनेमात चार, विनोदी सिनेमात सहा, आणि एका देवादिकांच्या सिनेमात तर तब्बल अकरा. डबा देताना दोघांची बोटं कधी पत्र्यावर एकमेकांना लागायची, बस. भेट म्हणून एवढीच. पण दुपारी केबिनमधल्या उबेत, यंत्राच्या एकसुरी घरघरीत, ती दिव्याच्या झोतात तरंगणारी धूळ बघत बसायची आणि तिला वाटायचं की आपणही तशाच कुठेतरी वाहत चाललो आहोत आणि फार सुखात आहोत.

बाबांना सांगायची तिची छाती नव्हती. त्या उंबऱ्याचं नाव माझ्या घरात निघालं तर मी तुला आणि तू मला, असं ते एकदा म्हणाले होते आणि वाक्य अर्धंच ठेवून जेवायला बसले होते. ते अर्धं वाक्य तिच्या मनातून कधी गेलं नाही.

आणि मग नदीचा सिनेमा पुन्हा लागला. गोदामातून आलेली प्रिंटही तीच, ओरखड्यांनी भरलेली. शेवटचं रीळ तपासताना चिकटीच्या बोटाला एक जाड, ओबडधोबड जोड लागला. पुरात नायक नायिकेकडे हात पुढे करतो, ती त्याच्याकडे करते, आणि तिथेच चित्र उडी मारतं. पुढे नुसतं पाणी. हे कुणाचं काम, म्हणून ती हसली, तर बाबांनी तिच्या हातातून रीळ काढून घेतलं आणि म्हणाले, आपल्याला काय करायचंय. जोड कच्चा होता, म्हणून तिने तिथे चिठ्ठी घातली. खरोखरची, कोरी.

गुरुवारी डब्याच्या तळाशी त्याची चिठ्ठी आली. फिरत्या सिनेमावाल्यांकडे त्याला ऑपरेटरचं काम मिळालं होतं. इथे राहून आपलं काही व्हायचं नाही, त्याने लिहिलं होतं. ‘उद्या शेवटचा खेळ. यायचं असेल तर शेवटच्या रिळात, त्या जाड जोडावर चिठ्ठी ठेव. मी सात वाजता पुलाजवळच्या थांब्यावर उभा राहीन. चिठ्ठी नसली तर मी समजून जाईन. सिनेमावाल्यांच्या ट्रकमध्ये बसेन आणि तुला कधी त्रास देणार नाही.’

ती रात्र तिने कशी काढली ते तिलाच ठाऊक. बाबांच्या सदऱ्याची तुटलेली बटणं लावून ठेवली, स्वयंपाकघरातले डबे भरले, त्यांचा चष्मा पुसला. जावं तर हा माणूस एकटा पडणार, आणि न जावं तर ती स्वतः आयुष्यभर त्या बारक्या खिडकीसमोर बसून राहणार.

शुक्रवारी सहाला दहा कमी असताना वरचा खेळ संपला. चिकटीने शेवटचं रीळ गुंडाळलं, जाड जोडावर चिठ्ठी ठेवली, आत लिहिलं, ‘येते.’ डबा खिडकीशी ठेवला आणि बाबांना म्हणाली, शिंपीणबाईंकडे जाऊन येते. लवकर ये, ते म्हणाले. तिने वळून पाहिलं नाही, पाहिलं असतं तर पाय निघाला नसता.

पुलाजवळच्या थांब्यावर सात वाजले, सव्वासात झाले. खालच्या थिएटरातून माणसं डोळे पुसत बाहेर आली, म्हणजे रीळ वेळेवर पोचलं होतं. साडेसातची बस आली आणि गेली. एक सिनेमाचा ट्रक पुलावरून धडधडत गेला. ताडपत्रीखाली कोण बसलंय ते दिसत नव्हतं. ती पिशवी घेऊन उभीच. खाली जाऊन विचारावं असं मनात आलं, पण तीही वरच्या मास्तरांचीच मुलगी. घाबरला असेल बापाला, घाबरू दे, असं म्हणत ती घरी आली आणि उशीत तोंड खुपसून पडली.

सकाळी केबिन झाडताना बाबा शीळ घालत होते. चिकटीने त्यांना कधी शीळ घालताना ऐकलं नव्हतं.

“बस,” ते म्हणाले. “एक सांगायचंय. त्या रिळातला तो जोड माझा आहे.”

मग त्यांनी सगळं सांगितलं. बावीस वर्षांपूर्वी तिसऱ्या रांगेत एक मुलगी रडत होती आणि ते यंत्र सोडून तिच्याकडे बघत बसले होते. फिल्म यंत्राच्या दिव्यासमोरच्या गेटमध्ये अडकली आणि जळाली. घाबऱ्या हातांनी त्यांनी ती जोडली, पण त्यात वेळ गेला आणि खाली दगड सुटले. ती तिसऱ्या रांगेतली मुलगी पुढे चिकटीची आई झाली. तिला हे सांगायची लाज, मित्राला सांगायची त्याहून लाज, आणि एकदा खोटं बोलल्यावर ते बावीस वर्षं निभावावं लागलं.

“हात हातात येतो, पोरी. त्या जळालेल्या तुकड्यात. मी पाहिलंय.” त्यांनी झाडू भिंतीला टेकवला. “काल तू गेल्यावर मनात आलं, हा जोड खाली तुटला तर पुन्हा त्याच्याच नशिबी दगड. मग डबा उघडला, रीळ सोडवलं, जुना जोड कापून नवा केला. इंच-इंच तपासून दिलं. आता चिठ्ठीची गरज नव्हती, ती टाकून दिली.”

तुकडे टाकायच्या पत्र्याच्या डब्यात, जुन्या जोडाच्या कापट्यांखाली, तिची चिठ्ठी घडी न उलगडता पडली होती.

चिकटी उतार पळत उतरली. खालच्या थिएटरच्या केबिनमध्ये ती जन्मात पहिल्यांदा शिरली. एकाक्ष मास्तर यंत्र पुसत होते. मुलगा काल ट्रकमध्ये बसून गेला, ते म्हणाले. जाण्याआधी त्याने शेवटचं रीळ दोनदा हाताने सोडवून पाहिलं आणि विचारलं, बाबा, हा जोड कुणी केला असेल? त्यांनी अंगठा फिरवला आणि ओळखलं. माझ्या मित्राचा हात आहे हा, ते मुलाला म्हणाले, जोड आता पक्का झाला, काळजी नको. सांगताना त्यांचा एक डोळा भरून आला होता, आणि तो आनंदाने भरला होता. त्याच दुपारी ते काठी टेकत उतार चढून वर गेले. दोन म्हातारे केबिनच्या पायरीवर तासभर बसले आणि कुणी काय बोललं ते कुणाला ऐकू आलं नाही.

ट्रकच्या पुढच्या मुक्कामाचा पत्ता होता. चिकटीने दुपारीच पत्र टाकलं. मग ती दिवस मोजायला लागली आणि तिला सगळं पुन्हा स्वप्नासारखं दिसू लागलं, सायकल, खिडकी, पत्र्यावरची बोटं. आठव्या दिवशी निरोप आला. डोंगरातल्या वळणावर ट्रक उलटला होता. बाकीचे खरचटण्यावर निभावले. हा मागे रिळांच्या डब्यांमध्ये झोपलेला होता.

ती कशी रडली ते सांगत नाही. रडायलाही तिला कारण सांगावं लागत होतं, कारण तो तिचा कोण हे कुणालाच माहीत नव्हतं. वरचे मास्तर मात्र खचलेल्या मित्राच्या पाठीशी उभे राहिले. आपला खेळ संपवून रोज खाली जायचे, त्याच्या शेजारी उभं राहून फोकस सांगायचे. थोडा पुढे, थोडा मागे, हां, बस. दोघांना एकत्र पाहून रस्ता हळहळायचा आणि कौतुकही करायचा. शेवटचं रीळ आपण कसं इंच-इंच तपासलं, ही गोष्ट बाबा येईल-जाईल त्याला सांगायचे. चिकटी चहा ओतता ओतता ती ऐकायची.

महिन्याने मुलाचं सामान आलं. दोन सदरे, एक पक्कड, आणि एक न उघडलेलं पत्र, जे त्याच्या पाठोपाठ मुक्कामाला पोचलं होतं. खालच्या मास्तरांनी चिकटीला बोलावून घेतलं. बाबा तिथेच बसले होते.

“हे बारीक अक्षर मला झेपत नाही,” खालचे मास्तर म्हणाले. “तूच वाच.”

तिने पाकीट फोडलं. आत तिच्याच अक्षरात लिहिलं होतं की चिठ्ठी मी ठेवली होती, मी थांब्यावर उभी होते, ती बाबांनी काढली पण त्यांना माहीत नव्हतं, त्यांच्यावर रागावू नकोस. की तुझ्याशिवाय मला इथे श्वास घेववत नाही. तिने वर पाहिलं. बाबा मित्राच्या खांद्यावर हात ठेवून ऐकायला बसले होते.

“आज तुझे बाबा वर आले होते,” तिने वाचलं. “बावीस वर्षांनी. दोघं पायरीवर बसले. तू बघायला हवं होतंस. त्या जळालेल्या तुकड्यात हात हातात येतो, बाबांनी सांगितलं. तुला कळवावंसं वाटलं. ये एकदा.”

तिचा आवाज कुठे अडखळला नाही. ओळी गाळून जिथून उचललं आणि जिथे नेऊन टेकवलं, तिथे जोड कुणाला दिसला नसता.

“चांगलं पत्र आहे,” बाबा नाक ओढत म्हणाले.

खालच्या मास्तरांनी कागद मागून घेतला. त्यावरून एकदा अंगठा फिरवला, वरपासून खालपर्यंत, सावकाश. मग त्यांनी पत्राची घडी केली आणि ते तिच्या हातात परत दिलं.

“तुझ्याकडेच राहू दे,” ते म्हणाले. मग मित्राकडे वळले. “चल रे, शेवटचं रीळ लावायचंय. फोकस सांग.”