बांधाची राखण

चार वाजता मंडळाची सभा होती आणि दोन वाजून गेले तरी नूतनला ती ईमेल सापडत नव्हती.

ईमेल एकच, पण सासऱ्याची अब्रू तिच्यावर टांगलेली. ऑगस्टच्या अमावास्येच्या रात्री खाडीचा बांध फुटला, खारं पाणी शेतात शिरलं आणि चाळीस घरांचा भात गेला. त्या दिवशी बांधावर राखणीला तिचा सासरा जनू होता. तो म्हणे, सकाळीच चीर दिसली, सुनेला सांगितली, तिनं बांधाचं बघणाऱ्या सरकारी कचेरीला कळवलं. गाव म्हणे, कळवलेलं दाखव. चार महिने जनू ओटी उतरला नव्हता. "मी सांगितलं व्हतं ना गो तुला?" असं रोज विचारायचा. व्हय म्हणून म्हणून नूतन मेटाकुटीला आली होती.

शेतकरी मंडळाचा संगणक तीच सांभाळायची. मोठ्या टापटिपीनं तिनं घरागणिक फोल्डर केले होते. विषयात ज्या घराचं नाव, त्याच्या फोल्डरात आलेलं-गेलेलं पत्र आपोआप जाऊन बसे. जनूचा फोल्डर तिनं तीनदा चाळला. 'बांध' शोधलं, तर संगणक म्हणे काही नाही.

शेवटी तिनं मामेभावाला फोन लावला. सुजय नागोठण्याला एका कंपनीत कॉम्प्युटरचं बघतो.

"ताई, शोधायच्या चौकटीशेजारी काय लिवलंय?"

"करंट फोल्डर."

"मग तो तेवढाच बघतोय. 'ऑल' कर."

केलं. जुलैपर्यंतची पत्रं आली, पुढचं एकही नाही.

"इंडेक्स अटकलाय. त्याची यादी जुलैतच थांबली हाय. पुसून नव्यानं करायला लाव. पत्रं जात नाय, घाबरू नको."

घोडं कुठं पेंड खातंय ते कळलं, पण यादी व्हायला तास गेला. तोवर नूतन देव पाण्यात घालून बसली.

सव्वातीनला पुन्हा शोधलं, आणि सापडलं. बायजाबाईच्या फोल्डरात. त्या दिवशी राखणीची पाळी खरं तर बायजाबाईच्या घराची. म्हातारी तापानं फणफणलेली, म्हणून जनू तिच्या जागी गेला होता. राखण कुणीही करो, कागदावर नाव मूळ घराचंच राहतं, ही गावाची रीत. नूतननंही रीतीप्रमाणे विषयात बायजाबाईच लिहिली होती. वेळ सकाळी नऊ वीस. तिला रडू कोसळलं.

खाली आणखी एक पत्र होतं, ठळक अक्षरांत, न उघडलेलं. कचेरीतल्या साहेबांचं, त्याच दिवशी बारा दहाचं. बांध दुरुस्तीचे मशीन उद्या पोचेल. रात्रीच्या भरतीआधी गावकऱ्यांनी चिरेवर मातीच्या गोण्या टाकाव्यात, सर्वांना तातडीने सांगावे. शेवटी साहेबांचं नाव, हुद्दा आणि मोबाइल नंबर.

त्या दिवशी ती संध्याकाळपर्यंत इनबॉक्सकडे डोळे लावून बसली होती. उत्तर तिच्याच टापटिपीनं बायजाबाईच्या फोल्डरात नेऊन ठेवलं होतं. गावात माणसं होती, गोण्या होत्या, भरतीला बारा तास होते.

तिनं दोन्ही पत्रं छापली. सभेत एकच वाचलं.

बायजाबाईनं जनूपुढे हात जोडले. मंडळाचा अध्यक्ष दिनानाथ, ज्यानं जनूवर सगळ्यात जास्त तोंडसुख घेतलं होतं, त्यानं कागद हातात घेऊन पुन्हा वाचला. मग त्यानं विचारलं, "आन् कचेरीचं उत्तर?"

"उत्तर कशाला देतील ते?" जनूच बोलला. चार महिन्यांत प्रथमच त्याची मान ताठ होती. "माज्या सुनेनं तिचं काम केलं. व्हय ना गो?"

सगळी सभा नूतनकडे बघत होती. पर्समधल्या दुसऱ्या कागदावर तिचा हात होता.

"उत्तर नाय आलं," ती म्हणाली.

मग सभा खवळली. कचेरीतल्या साहेबाविरुद्ध आजच्या आज तक्रार करायची, असं एकमतानं ठरलं. नूतनला संगणकापुढे बसवलं, जनू मागं उभा राहिला.

"साहेबाचं नाव काय गो?" दिनानाथनं विचारलं.

ते नाव तिथं फक्त नूतनला ठाऊक होतं, पर्समधल्या कागदावरून. तिनं ते हुद्द्यासकट टाइप केलं.