बाराव्या विहिरीपर्यंत

चारुताने पिशवीतून दोन किलो काळी माती काढून सायकलच्या दुकानाच्या ओट्यावर ठेवली, तेव्हा दुकानदार रामकिसनच्या हातातला पाना हातातच राहिला.

"मॅडम, लोक सायकल घेऊन येतात. तुम्ही तर शेतच उचलून आणलं!"

"पाचोडच्या शिवारातली आहे. एक घमेलं द्या, आणि पाणी."

शहराच्या छावणी भागातल्या याच दुकानातून तिने जुलैत आपल्या सायकलला सगळ्यांत रुंद, उठावदार गाठींचे बटण टायर बसवून घेतले होते. टायर जितका रुंद तितकी पकड जास्त, असा तिचा हिशोब. ती भूजल मोजणाऱ्या एका संस्थेत काम करायची. पाचोडजवळच्या बारा विहिरींची पाणीपातळी दर महिन्याला एकाच दिवसात मोजायची. जीप डांबरी रस्त्यावर ठेवायची आणि पुढे सायकलने शिवारात शिरायचं. पण ऑगस्टमध्ये चिखलाने चाकं अशी लिंपली की फिरेनात, आणि सप्टेंबरमध्येही तेच. सायकल खांद्यावर घेऊन अकराव्या विहिरीपर्यंत पोचेतो दोन्ही वेळा दिवस मावळला. सगळ्यांत आतली, द्वारकाबाईंची विहीर राहून गेली. सलग तीन महिने नोंद नसली, की विहीर यादीतून कमी होते. या विहिरीच्या सात वर्षांच्या नोंदी होत्या, आणि ऑक्टोबरची फेरी उद्यावर आली होती.

तिने घमेल्यात माती कालवली. रुंद टायरचं चाक त्यातून दोनदा फिरवलं. बटणांमधल्या फटी गच्च भरल्या आणि टायरचा गुळगुळीत लाडू झाला.

"आता तो बारका द्या. बटणं एकमेकांपासून लांब असलेला."

"हा? लई सडपातळ आहे, मॅडम. चिखलात रुतंल की."

"रुतू दे. खालची जमीन टणक आहे, तिथं टेकेल."

बारक्या टायरलाही चिखल लागला, पण चाकाला गती देताच गोळे सुटून उडाले. एक रामकिसनच्या सदऱ्यावर बसला.

"हे बघा, सोडतो चिखल!" चारुता म्हणाली.

"सोडतो ना. माझ्यावरच सोडतो." त्याने सदरा झटकला. "पण मॅडम, चिखलाचं झालं. बांधावरच्या सराट्यांचं काय? तो काटा असल्या टायरमधून आरपार जातो. ट्यूबमध्ये पंक्चर बुजवणारं लिक्विड भरून देतो. काटा लागला तर उपटायचा, भोक खाली करायचं अन् चाक फिरवायचं. घाबरून हवा सोडायची नाय."

सराट्यांचा विचार तिने केलाच नव्हता. तिने बारके टायर बसवून दोन्ही ट्यूबमध्ये लिक्विड भरून घेतलं.

दुसऱ्या दिवशी चाकं फिरत राहिली. टायर बोटभर रुतायचे, खाली टेकायचे आणि चिखल मागे फेकायचे. दुपारी एकपर्यंत नऊ विहिरी झाल्या. तिच्या पाठीवर मात्र मातीचा पट्टा उमटला होता. अकरावी मोजून ती बांधावर चढली आणि पुढच्या चाकातून फुस्स आवाज आला. सराटाच होता. तिने तो उपटला, भोक खाली केलं आणि चाक फिरवलं. पांढरा फेस आला. आवाज बारीक झाला, मग थांबला. तिने घड्याळ लावून तीन मिनिटं वाट पाहिली, अंगठ्याने टायर दाबून पाहिला. हवा थोडी कमी झाली होती, पण टिकून होती.

द्वारकाबाई विहिरीच्या काठावर तुरीची फुलं न्याहाळत उभ्या होत्या.

"आली का गं बाई! दोन खेपा आली नाहीस. म्हणलं, आमच्या विहिरीवर रुसली काय?"

"रुसले नव्हते, मावशी. टायर चुकले होते."

"व्हय का? माणसं चुकत्यात, तुझं टायर चुकत्यात!"

चारुता हसली. तिने पाण्याला टेकताच वाजणारा टेप आत सोडला. चार मीटर बासष्ट. नियमाप्रमाणे पुन्हा सोडला. चार मीटर बासष्ट. आकडा वहीत लिहिला, तारीख घातली.

"झालं?" द्वारकाबाईंनी विचारलं.

"झालं."

तिसऱ्यांदा मोजायचं काहीच कारण नव्हतं. तरी तिने टेप परत विहिरीत सोडला आणि द्वारकाबाईही तिच्या शेजारी वाकून आवाजाची वाट पाहू लागल्या.