एकोणीस इंची चाकं

टोर्केलने ती चाकं मागवली तेव्हा बायकोला विचारलं नाही, आणि हिलेवीला हे कळलं ते अख्ख्या गावासमोर. म्हणजे अपमान नुसता आला नाही, वऱ्हाड घेऊन आला.

रस्त्यावर बर्फ टिकायला लागला की येणाऱ्या रविवारी त्यांच्या गावात शिकारी मंडळाच्या शेडमध्ये सगळे चाकं बदलायला जमतात. सप्टेंबरात जिथे शिकारीतली एल्क हरणं टांगलेली असतात, तिथेच नोव्हेंबरात गाड्या जॅकवर चढतात. कुणी कॉम्प्रेसर आणतं, कुणी थर्मासभर कॉफी. उन्हाळ्याची चाकं उतरतात, हिवाळ्याची चढतात, आणि जो तो दुसऱ्याच्या टायरांना नावं ठेवतो. गावातलं वर्षभराचं निम्मं हसणं त्या एका दिवसात उरकतं.

हिलेवी दालचिनीच्या पावांचं ताट घेऊन शेडमध्ये शिरली. दिवस इतके भरत आले होते की ताट पोटावरच टेकलं होतं. बघते तर तिच्याच लाल गाडीभोवती पुरुषांचा घोळका. गाडीला चार काळीकुळकुळीत, चकचकीत चाकं. रिम केवढी, तर परातीएवढी. आणि टायर म्हणून तिच्याभोवती रबराची बांगडी.

"काय राजबिंडी दिसतेय!" कुणीतरी म्हणालं.

"एकोणीस इंची," टोर्केल म्हणाला. घरात मुलगी जन्मली तेव्हासुद्धा तो इतका फुगला नव्हता. "बघ हिलेवी! सरप्राइज!"

हिलेवीने ताट बाकावर ठेवलं. खाली वाकणं शक्य नव्हतं, म्हणून उभ्यानेच टायरवरून बुटाचं टोक फिरवलं. सपाट. बर्फात पकड घेणारा एकही खिळा नाही.

"खिळे कुठायत?"

"आता खिळे कोण वापरतं? हे मऊ रबर आहे, बर्फाला धरून राहतं. आणि आवाज नाही, काही नाही. बाळ शांत झोपेल."

"बाळ आधी बाहेर तर येऊ दे."

दोघेतिघे हसले. हिलेवी हसली नाही. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, आणि ती उगाच गेली नव्हती.

तालुक्याच्या गावातलं प्रसूतिगृह जिल्हा परिषदेने वसंतात बंद केलं. परवडत नाही म्हणे. आता बाळंत व्हायचं तर डोंगर ओलांडून, तळ्याच्या काठाकाठाने एकशेवीस किलोमीटर जायचं. पहिली मुलगी अडीच तासांत झाली होती. दुसऱ्या वेळी तेवढीही वाट बघायला लागत नाही, हे सुईणीने फोनवर सरळ सांगितलं. पहिली कळ आली की निघा म्हणाली. वाटेतच वेळ आली तर काय करायचं याचा वर्गही घेते म्हणाली, टॉवेल किती घ्यायचे, मागच्या सीटवर कसं आडवं व्हायचं. आणि शेवटी विचारलं, "गाडीचे टायर चांगले आहेत ना?"

बाईच्या बाळंतपणात सुईणीने टायर विचारावेत! हिलेवीने फोन ठेवला आणि रडली. रडून झाल्यावर तिने टोर्केलला एकच गोष्ट सांगितली, एकच. गाडीच्या दाराच्या आत चिकटवलेल्या पट्टीवर चाकांची मापं लिहिली आहेत. त्या मापाचे सोळा इंची, साध्या लोखंडी रिम आण आणि त्यावर खिळ्यांचे नवे टायर. जुन्यांचे खिळे झिजले होते. एवढंच. एवढं एक काम या माणसाकडून झालं नाही.

"पट्टी वाचलीस?" तिने विचारलं.

"अगं, पट्टी कशाला? नेटवर दुकानाच्या पानावर गाडीचा नंबर टाकला. 'आपल्या गाडीला बसतात' असं आलं."

"हीच चाकं आली?"

टोर्केलने मान खाजवली. "आधी सोळा इंची आली. मग मी जरा खाली गेलो पानावर."

"किती खाली?"

"बऱ्यापैकी."

पुन्हा हसू पिकलं. टोर्केलचे वडील सिक्स्टेन कॉफीचा कप घेऊन मध्ये आले. "जाऊ दे ना, पोरी. हौस आहे त्याची. आणि बसलीत की चाकं. पाच बोल्ट, पाचही गेले. या दिवसांत एवढं चिडू नये."

"सासरेबुवा, तुम्ही मध्ये पडू नका. या दिवसांत नाही चिडायचं तर कधी चिडायचं? बोल्ट गेले म्हणजे चाक बसलं का? बूट पायात शिरतो म्हणून चालता येतं असं नाही. बघा, मडगार्डच्या बाहेर किती डोकावतंय ते."

"तीच तर फॅशन आहे," टोर्केल म्हणाला.

हे ऐकलं आणि हिलेवीचा उरलासुरला धीर सुटला. फॅशन! ती मागच्या सीटवर पाय वर करून आडवी पडणार, आणि हा फॅशन घेऊन डोंगर चढणार. बरं, चूक एकट्याची असती तर एक वेळ गिळली असती. पण इथे अर्धा डझन बाप्ये उभे होते. सगळे पोराबाळांचे. सगळ्यांना डोंगरावरचा रस्ता ठाऊक, आणि एकाच्याही तोंडून निघालं नाही की बाबा रे, या दिवसांत हे नको. राजबिंडी म्हणे!

"ठीक आहे," ती म्हणाली. "बसतात ना चाकं? मग बघूया. गाडी खाली घ्या."

गाडी जॅकवरून उतरली.

"त्या दिवशी मागे मी असेन, सामान असेल, तुझी आई असेल. म्हणजे वजन असेल. तुम्ही तिघं, चला, मागे बसा."

तिने बोट दाखवलं ते मंडळातल्या तीन जाडजूड गड्यांना. दोघे मुकाट्याने कडेला घुसले. मधली जागा उरली ती एवर्टची. एवर्ट म्हणजे गावातून जिल्हा परिषदेवर निवडून गेलेला माणूस. प्रसूतिगृह बंद करायच्या ठरावाला त्यानेच हात वर केला होता. हे शेडमध्ये सगळ्यांना माहीत होतं, आणि वसंतापासून सगळे त्याच्याशी हवापाण्याचंच बोलत होते.

"मी कशाला?" एवर्ट म्हणाला. "माझी पाठ..."

"बसा, एवर्टकाका. मधेच बसा. मी तिथेच असणार आहे."

एवर्ट बसला. नाही म्हणायला जागाच कुठे होती? टोर्केल स्टिअरिंगवर आणि हिलेवी त्याच्या शेजारी.

शेडपासून मोठ्या रस्त्यापर्यंत जंगलातली कच्ची वाट आहे. लाकडाच्या ट्रकांनी तिची पार चाळण केलेली, आणि वर गोठलेल्या पाण्याचा थर. पहिल्याच खड्ड्यात गाडी बसली आणि मागून आवाज आला, खर्रर्र. सुरी दगडावर घासावी तसा.

"काय आहे ते?" टोर्केल म्हणाला.

"फॅशन," हिलेवी म्हणाली. "चल पुढे."

दुसऱ्या खड्ड्यात पुन्हा खर्रर्र, आणि जळक्या रबराचा वास गाडीत शिरला. वळणावर टोर्केलने ब्रेक दाबला तर गाडी सरळच निघाली. बांगडीएवढे ते टायर ओल्या बर्फावरून साबणासारखे सरकले आणि गाडी कडेच्या भुसभुशीत बर्फात नाक खुपसून थांबली. टोर्केलचा चेहरा पांढराफटक झाला.

"आई गं, पाठ," मागून एवर्ट कळवळला. "अरे, जरा सावकाश!"

हिलेवी वळली. तिला वळायलाही त्रास होत होता, पण वळली. "अजून कितीसं चाललोय आपण, एवर्टकाका? शेड इथून दिसतेय. एकशेवीस किलोमीटर आहे म्हटलं तिथपर्यंत. आणि तुम्हाला कळा येत नाहीयेत."

एवर्ट खिडकीबाहेर बघू लागला.

तिघांनी उतरून धक्का मारला तेव्हा गाडी निघाली. शेडमध्ये परतल्यावर सगळे वाकून वाकून बघायला लागले. मागच्या दोन्ही टायरांची कड सोलून निघाली होती, मडगार्डची आतली कड चमकत होती. मघाशी राजबिंडी म्हणणारा आता मूग गिळून कॉफी ढवळत होता.

"परत करतो मी," टोर्केल पुटपुटला. "उद्याच परत करतो."

"सोललेले टायर कोण परत घेईल? बरं ते राहू दे. जुनी चाकं चढव तोवर. झिजलेले का होईना, खिळे तर आहेत."

टोर्केलने पुन्हा मान खाजवली.

"टोर्केल. जुनी चाकं कुठायत?"

"विकली," तो म्हणाला. "शनिवारी एक जण येऊन घेऊन गेला."

हिलेवी बाकावर बसली. ओरडायला तिच्यात त्राणच उरलं नव्हतं. दुकानात आता सोळा इंची नावालाही नव्हते. पहिला बर्फ पडल्यावर सगळा प्रांत तुटून पडला होता, दोन आठवडे तरी थांबा म्हणत होते. तिच्या हातात दोन आठवडे असतील की नसतील, सांगणार कोण? बाळाने आतून लाथ मारली. तिने पोटावर हात ठेवला आणि तिला एकदम भीती वाटली. सकाळपासून राग राग करत होती ती खरं तर याच भीतीवर झाकण ठेवायला. डोंगराच्या वाटेवर, भर बर्फात, टोर्केल गाडीबाहेर फोनवर ओरडतोय आणि ती मागच्या सीटवर. तिने डोळे घट्ट मिटले आणि उघडले. उघडले तेव्हा समोर शेडच्या दुसऱ्या टोकाची गाडी होती.

तिचीच गाडी. म्हणजे रंग निळा, पण मॉडेल तेच, वर्ष तेच. साध्या लोखंडी रिमवर कोरे करकरीत टायर, आणि एकूण एक खिळा चमकतोय.

"ती कुणाची?"

सगळ्यांनी एवर्टकडे बघितलं.

हिलेवी उठली. सावकाश चालत गेली, निळ्या गाडीचं दार उघडून आतली पट्टी वाचली, मग आपल्या गाडीची वाचली. आकडा न् आकडा तोच. "टोर्केल," ती म्हणाली, "हे असं करतात. दोन मिनिटं लागतात." मग एवर्टकडे वळली. "एवर्टकाका, जॅक लावा."

"अगं पण मी जाऊ कसा? मला उद्या परिषदेची बैठक..."

"बस जाते सकाळी. बैठकीला उशीर झाला तर कुणी मरत नाही."

एवर्टने आजूबाजूला बघितलं. कुणीतरी आपल्या बाजूने काही म्हणेल अशी आशा असावी. सिक्स्टेनने मुकाट्याने जॅक उचलला आणि त्याच्या हातात दिला. मग एवर्टने कोट काढला. एकेक बोल्ट त्याने स्वतः सैल केला, स्वतः चाकं लोटत आणली, आणि गुडघ्यांवर बसून लाल गाडीला चढवली. टोर्केल मदतीला गेला तर "राहू दे" म्हणाला. माणूस वाईट नव्हता हो. हिलेवीला चीड आली ती त्याचीच. वाईट असता तर सोपं गेलं असतं.

पुन्हा तिघे मागे बसले, पुन्हा तीच वाट, तेच खड्डे. घासल्याचा आवाज नाही, वास नाही. वळणावर टोर्केलने मुद्दाम ब्रेक दाबला. खिळे करकरले आणि गाडी जागच्या जागी उभी राहिली. मागचे दोघे चक्क टाळ्या वाजवायला लागले.

शेडमध्ये उतरल्यावर एवर्टने हात पुसले. बऱ्याच महिन्यांनी त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं होतं. "घ्या. तुला मुलगा होवो की मुलगी, ही चाकं माझ्याकडून भेट. मिटलं ना आता सगळं?"

सगळे हिलेवीकडे बघत होते. तिने हो म्हणावं, आभार मानावेत, पाव वाटावेत आणि कॉफी पिऊन घरी जावं, अशी सगळ्यांचीच इच्छा होती. टोर्केलची तर सगळ्यात जास्त.

"चाकांबद्दल आभार," ती म्हणाली. "मनापासून. पण मिटलं नाही, एवर्टकाका. आम्ही बायका वसंतात परिषदेच्या दारात पोरं कडेवर घेऊन उभ्या होतो. तेव्हा चाकं मागितली होती का आम्ही?"

एवर्टचं हसू मावळलं. त्याने कोट घातला, बटणं लावली, एक चुकलं ते पुन्हा लावलं. मग खाली बघतच विचारलं, "तारीख कधीची आहे?"

"तारीख मला विचारू नका. परिषदेत ठराव करा," हिलेवी म्हणाली, "आणि बाळाला कळवा, डोंगरावरचा रस्ता साफ होईपर्यंत थांब म्हणून."

तिचा आवाज शेवटी फाटला. शेडमध्ये एवढी माणसं होती, पण कुणीही हसलं नाही.