टिपणीसांची हजेरी

दिल्लीजवळ मानेसरच्या एका गिअर कारखान्यात श्रावस्ती वासनिकला लागून अकरा महिने झाले होते, आणि कायम व्हायला एकच अडचण होती: पद्माकर टिपणीस. सर्व्हर सांभाळायची जागा एकच, आणि ती त्यांची. तिनं त्यांना कधी पाहिलं नव्हतं. पण हजेरीपटावर ते रोज असत, रविवारी आणि दिवाळीलाही. उत्कृष्ट उपस्थितीची ढाल सलग तीन वर्षं त्यांना मिळाली होती. ती घ्यायला ते एकदाही आले नाहीत, तेव्हा लोकांनी कौतुकानं माना डोलावल्या. माणूस काम सोडून उठतच नाही.

सर्व्हरची नवी आवृत्ती बसवायची म्हणून आतल्या थंडगार खोलीची किल्ली तिला पहिल्यांदाच मिळाली. आत एक खुर्ची होती आणि खुर्चीवर बोटभर धूळ. पडद्यावर एकच काळी खिडकी उघडी, तिच्यात टिपणीसांचं लॉगिन. खाली चिठ्ठी: 'बंद करू नये.' तारीख तीन वर्षांपूर्वीची.

श्रावस्ती मटकन बसली. धुळीतच बसली.

पर्सोनेलच्या कुमुदिनी मॅडमनी मान वर न करता सांगितलं, "अगं, ते कॅनडाला गेले ना. राजीनामा आहे माझ्याकडे. कॉम्प्युटर घेत नाही. हजर माणसाला सोडता येत नाही म्हणतो."

"पण मॅडम, ते हजर नाहीयेत."

"अच्छा? मग ते त्याला सांग."

भानगड अशी होती. सर्व्हर बसवताना त्याला काही गोष्टी आधी सांगाव्या लागतात: तुझ्या फाइली इथे, डेटाबेस तिथे. यांना एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल म्हणतात. सर्व्हर सुरू होताना वाचतो त्या स्टार्टअप फाइलमध्ये लिहिले, तर दर वेळी आपोआप लागू होतात. टिपणीसांनी ते नुसते त्या खिडकीत टाइप केले आणि सर्व्हर तिथूनच चालू केला. खिडकी मिटली की सर्व्हर बंद, आणि पुन्हा उठला तरी त्याला स्वतःचं काहीच ठाऊक नसणार. म्हणून खिडकी उघडी. खिडकी उघडी म्हणून लॉगिन चालू, आणि लॉगिन चालू म्हणून हजेरीच्या प्रोग्रामच्या लेखी टिपणीस हजर.

श्रावस्तीनं त्याच खिडकीत 'env' टाइप केलं. सगळे व्हेरिएबल ओळीनं खाली उतरले. ते तिनं स्टार्टअप फाइलमध्ये उतरवले, तीनदा ताडून पाहिले, जेवणाच्या सुट्टीची वाट पाहिली आणि टिपणीसांना लॉग आउट केलं. सर्व्हर नव्यानं चालू केला. तो मुकाट्यानं चालला.

दुसऱ्या दिवशी पटावर आलं: टिपणीस, गैरहजर.

कारखाना हादरला. जनरल मॅनेजरनी फुलांचा गुच्छ मागवला. कुमुदिनी मॅडम पांढऱ्याफटक चेहऱ्यानं आल्या. "तीन वर्षांत पहिली दांडी गं. तब्येत ठीक असेल ना?"

श्रावस्तीनं कॅनडाची आठवण करून दिली.

"कॅनडात असूनसुद्धा येत होते, तेच तर म्हणते मी."

राजीनाम्याचं काय, असं श्रावस्तीनं विचारलं. त्यावर जनरल मॅनेजर साहेब म्हणाले, की असल्या माणसाला पहिल्याच दांडीला काढायचं, इतकी ही कंपनी पडलेली नाही. संध्याकाळी तिच्या हातात पत्र पडलं: श्री. टिपणीस पुन्हा रुजू होईपर्यंत तात्पुरती नेमणूक.

दिल्लीत, लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये तिनं ते बाबांपुढे टाकलं आणि रडायलाच लागली. केंद्राच्या मंत्रालयात उभी हयात गेलेल्या बाबांनी पत्र शांतपणे वाचलं.

"तात्पुरती लिहिलंय ना? मग रडतेस काय? आता तुला कोण हलवतोय."

श्रावस्तीनं डोळे पुसून पत्र पुन्हा वाचलं.

"मी अठ्ठ्याहत्तर सालापासून तात्पुरता आहे," बाबा म्हणाले. "चल, पोळ्या गार होतायत."