कान्हूच्या गोळ्या

केरूने शिशाची गोळी ठासणीच्या बंदुकीच्या तोंडावर ठेवली आणि अंगठ्याने दाबली. गोळी आत गेली नाही. भोवतीची चिंधी काढून पाहिली, तरी नाही. दुसरी घेतली, तिसरी घेतली. पंधराच्या पंधरा गोळ्या नळीच्या तोंडावर खुडूक कोंबडीसारख्या बसल्या आणि तिथून हलायला तयार नव्हत्या.

समोरच्या खाचरात वाल फुलावर आला होता आणि डुकरांनी त्याचा एक कोपरा आदल्या रात्री उकरून ठेवला होता.

"कान्हूनं मुद्दाम मोठ्या ओतल्यात," केरू म्हणाला.

त्याची बायको सरू भात पाखडत होती. मुद्दाम काही करायला अंगात जीव लागतो, असं ती सुपाकडे बघूनच म्हणाली.

कान्हू हा केरूचा धाकटा भाऊ. घर समोरच, मध्ये एक बांध. अकरा वर्षांपूर्वी दोघांची वाटणी झाली तेव्हा पंचांनी सगळं बरोब्बर अर्धं केलं. खाचरं अर्धी, आंबे अर्धे. पाटा सरूला आणि वरवंटा कान्हूच्या बायकोला, चंद्रावतीला. त्यामुळे दोघी जावांना चटणीसाठी रोज बोलावंच लागलं. बंदूक मात्र कापता येईना. परवान्यावर नाव एकाचंच चालतं. तेव्हा हयात असलेले त्यांचे वडील, आबा, खाटेवरून म्हणाले होते, "केरूला द्या. कान्हूच्या हाताला माप नाय."

मग पंचांनी न्याय म्हणून गोळ्या ओतायचा साचा कान्हूला दिला. त्या दिवसापासून कान्हू केरूशी बोलायचा थांबला. एकट्यानेच बोलत राहणं बरं दिसेना म्हणून केरूनेही बंद केलं.

वाटणीचं डुकरांना कोणी कळवलं नव्हतं. ती दोन्हीकडचं खात. म्हणून दर वर्षी वाल फुलावर आला की कान्हू धरमतरच्या कोळ्यांकडून जाळ्याची जुनी शिशाची वजनं आणून वितळवी, आबांच्या साच्यात गोळ्या ओती आणि करवंटीत घालून बांधावर ठेवी. केरू त्या उचली आणि दोघांच्या खाचरांची राखण करी. नुसत्या दारूच्या बाराला डुकरं भीत नसत. बारामागून गोळी सूं करत गेली तरच त्यांना आपला अपमान झाल्यासारखं वाटे.

गेल्या वर्षी कान्हूची डावी बाजू लुळी पडली. केरू रोह्याच्या दवाखान्यापर्यंत गेला, खाली औषधांच्या दुकानापाशी दोन तास उभा राहिला, चंद्रावतीच्या हातात शहाळं दिलं आणि परत आला. तेव्हापासून कान्हूला वर्षात करायला एवढं एकच काम उरलं होतं.

केरूने पंधराही गोळ्या करवंटीत घालून बांधावर परत नेऊन ठेवल्या. अकरा वर्षांत असं झालं नव्हतं.

चार दिवसांनी त्या पुन्हा तिथे होत्या, सगळीकडून कानशीने घासलेल्या. नळीत तरीही जाईनात. त्याने परत ठेवल्या. पाच दिवसांनी आल्या त्या आणखी बारीक होऊन. परत ठेवल्या. एकदा चंद्रावतीने त्याला बांधावरच गाठलं.

"दादा, काय चाल्लंय तुमचं?" ती म्हणाली. "हे दिसभर ओटीवर बसतात. लुळा हात उचलून गोळीवर ठेवतात, हलू नाय म्हणून, आणि दुसऱ्या हातानं घासतात. जेवायला हाक मारली तर बोलतात, आबा बोलले ते खरं व्हतं, माझ्या हाताला माप नाय."

केरूने करवंटी या हातातून त्या हातात घेतली. मग ती बांधावर ठेवली आणि घरी गेला.

आधी त्याला वाटलं होतं, हा उट्टं काढतोय. मग वाटलं, आजारपणात हात गेला. बंदुकीबद्दल काही वाटायचा प्रश्न नव्हता. ती पन्नास वर्षं तीच होती. यंदा निवडणुकीपुरती ठाण्यात जमा होती, तेवढे दिवस सोडून.

जानेवारी संपत आला. डुकरांनी केरूचं एक आणि कान्हूचं एक खाचर संपवलं. वाटणीत त्यांनीही अन्याय केला नाही. सातव्या फेरीला केरूने गोळी नळीवर ठेवली आणि ती चिंधीसकट सरळ आत गेली. गजाने दाबली तर तळाला जाऊन घट्ट बसली. त्याने सरूला बोलावून दाखवलं. नळीत काय दिसणार म्हणून ती आली नाही.

त्याच दुपारी कासू गावाहून एक म्हातारा आला. बरोबर त्याचा नातू मितेश, आणि दोघांच्या मध्ये स्कूटरवर गोधडीत गुंडाळलेलं लांबलचक काहीतरी.

म्हाताऱ्याने पाणी घेतलं आणि आपली अडचण सांगितली. निवडणुकीनंतर बंदूक घरी आणल्यापासून तिचं तोंड खाली केलं की गोळी घरंगळून पायावर पडते. अंगठ्याचं नख गेलं. त्यानं पाय पुढे करून ते नसलेलं नख दाखवलं. आता तो ठाण्यातून बंदूक नेलेल्या एकेकाच्या दारी फिरत होता. केरूचं सहावं घर.

केरूला तो दिवस आठवला. ठाण्यात भिंतीला तीस बंदुका टेकवून ठेवल्या होत्या. त्यांच्यावरच्या नावाच्या चिठ्ठ्या खळीने चिकटवलेल्या, म्हणून उंदरांनी खाल्ल्या होत्या. नंबर गंजले होते, ते वाचायला भिंग हवं होतं, भिंग साहेबांच्या खणात होतं आणि साहेब बंदोबस्ताला गेले होते. शेवटी हवालदार म्हणाला, आपापली ओळखून घ्या. तीस म्हाताऱ्यांनी एकेक बंदूक पोटाशी धरली. केरूचं पेणला मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन तिसरा दिवस होता. काळ्या चष्म्यातून सगळ्याच बंदुका काळ्या होत्या. चष्मा निघाल्यावर नव्या डोळ्याला घरातलं सगळंच अनोळखी दिसलं, सरूसुद्धा. त्यात बंदुकीचं काय.

गोधडी उलगडली. आतल्या बंदुकीच्या दस्त्यावर आबांनी मारलेली पितळी पट्टी होती.

म्हाताऱ्याने केरूकडच्या बंदुकीत बसलेली गोळी कशीबशी काढून केरूला परत दिली, आपली बंदूक गोधडीत गुंडाळली आणि हे ठाण्यात कळवायला नको असं सुचवलं. केरूलाही ते पटलं. कळवलं असतं तर दोन महिने दुसऱ्याचं हत्यार बाळगल्याबद्दल दोघेही आत गेले असते, आणि सोडवायला तो हवालदारच आला असता.

स्कूटर गेली. केरूने कान्हूची गोळी आबांच्या बंदुकीत सोडली आणि तोंड खाली केलं. गोळी अंगणात पडून तुळशीपर्यंत गेली.

"जाऊन सांगा," सरू म्हणाली. "गोळ्या पयल्यापासून बरोबर व्हत्या, बंदूक लोकाची व्हती. एवढंच बोलायचं."

केरूने सदरा घातला. बांध ओलांडायला त्याला बराच वेळ लागला. तो दीड हात रुंद होता.

कान्हू ओटीवर भिंतीला टेकून बसला होता. मांडीवर पोतं, पोत्यावर कानस. पायाशी शिशाचा करडा चुरा साचला होता, चुलीतल्या राखेएवढा. उजव्या हाताच्या तीन बोटांना चिंध्या बांधल्या होत्या. चंद्रावती दारात आली आणि केरूला बघून तिथेच थांबली.

केरूने घसा साफ केला. एवढंच बोलायचं होतं.

"बसली?" कान्हूनेच विचारलं. अर्धं तोंड वाकडं असल्याने शब्द जरा तिरका आला.

"बसली," केरू म्हणाला. ते खरंच होतं. सकाळी बसली होती.

कान्हूने डोळे मिटले आणि उघडले. "साच्यातच खोट व्हती," तो म्हणाला. "आबांच्या साच्यात. त्यांना जन्मात कळली नाय. मी मापात आणली."

चंद्रावती दोघांकडे बघत होती. केरूने खाली बघितलं. खालचा चुरा त्याच्या पायाला लागला होता. आबांनी त्या साच्यातल्या गोळ्यांनी किती डुकरं लोळवली ते पाच गावांना माहीत होतं, आणि सगळ्यांत जास्त कान्हूला.

"व्हय," केरू म्हणाला. "आबांचंच चुकलं."

"बंदूक आण. मला बघू दे."

"परवाना माझा हाय. तुझ्या हातात दिली तर केस व्हईल."

कान्हूला ते पटलं. कायद्याचं त्याला नेहमीच पटे. त्याने चंद्रावतीला चहा टाकायला सांगितलं, आणि केरू ओटीच्या कडेवर, चुरा टाळून, बसला. चहात साखर नव्हती, डॉक्टरांनी कान्हूची बंद केली होती. केरूने तो तसाच प्यायला.

दिवस मावळताना वालात सळसळ सुरू झाली. केरू बंदूक घेऊन बांधावर गेला. दारू भरली, नुसती चिंधी ठासली. करवंटीतल्या चौदा आणि खिशातली एक अशा पंधराही गोळ्या तशाच ठेवल्या. वर आभाळाकडे धरून बार काढला. आवाज पोकळ झाला.

कान्हूच्या ओटीवरून हाक आली. "लागला?"

"नाय."

"मग नेम चुकला तुझा," कान्हू म्हणाला. "गोळी बरोबर हाय."

"गोळी बरोबर हाय," केरू म्हणाला.

"आणखी गोळ्या घासून ठेवतो."

"सावकाश घास."

डुकरं दहा पावलं मागे सरली होती. तिथे थांबून त्यांनी थोडा विचार केला आणि पुन्हा वालात शिरली.