दोन महिन्यांची नोटीस

माझं तोंड फटकळ आहे, हे कुणी मला नव्याने सांगायला नको. सारा जन्म लोकांच्या कपड्यांना कात्री लावली, जिभेलाही तीच सवय लागली. भाडेकरू म्हणजे भाडेकरू, जीव लावायचा नाही, असं मी पक्कं ठरवलं होतं. कसलं काय!

वरच्या मजल्यावर ती आली. चष्म्याच्या दुकानात कामाला, म्हणून मी तिला चष्मेवाली म्हणायची. सुईत दोरा ओवताना माझी चाललेली झटापट तिने पहिल्याच आठवड्यात पाहिली. "काकू, सरका," म्हणाली आणि दहा सुया ओवून ठेवून गेली. मग रोज सकाळी दहा सुया.

"चष्मे विकायचं सोडून सुया कसल्या ओवतेस गं?" मी म्हणायची.

"तुम्ही चष्मा घेतलात तर मला इथे कोण बसू देईल?"

अशी दोन वर्षं गेली. यंदाचा करार संपायला सात महिने होते, तेव्हा एका रविवारी चहा पिताना ती म्हणाली, "काकू, घर सोडावं लागणार. आईचं दुखणं वाढलंय. तिला माझ्याशिवाय कुणी नाही."

जाऊ नकोस, असं म्हणायचं होतं मला. पण मी म्हणाले काय? "अशी कशी सोडतेस? दोन महिन्यांची नोटीस लागते. आणि तोवर घर बंद ठेवायचं नाही, राहायलाच हवं. कागद म्हणजे कागद!"

कागद कपाटात होता. आमचे हे होते तेव्हा त्यांनीच लिहिलेला. आम्ही दर वर्षी नुसती तारीख बदलायचो. मऊ माणूस. त्यांनी तळाशी एक ओळ घातली होती: घरच्या कुणाचं आजारपण निघालं, तर नोटीस न देता घर सोडता येईल. ती ओळ मला पाठ होती. पण खोटं बोल पण रेटून बोल, तशी मी रेटून बोलले. मला ती हवी होती, बस्स. म्हटलं, दोन महिन्यांत आई बरी होईल, मग ही कशाला जाते!

"बरं," ती म्हणाली. वादसुद्धा घातला नाही. मला जिंकल्यासारखं वाटलं. आग लागो त्या जिंकण्याला.

रोज संध्याकाळी ती आईला फोन करायची. मी जिन्यात उभी राहून ऐकायची. "अजून सहा आठवडे गं, आई." मग "पाच." चोराच्या मनात चांदणं, मी तिला काहीबाही रांधून वर नेऊन द्यायची. एकदा तर कपाट उघडून कागद हातातही घेतला. उद्या सांगते म्हटलं आणि परत ठेवला.

पाचव्या आठवड्यात, मंगळवारी भर दुपारी, ती दुकानातून परत आली. जिन्याच्या पायरीवरच बसली.

"आई गेली, काकू. सकाळी. शेजारीण होती जवळ."

मी धावत जाऊन कागद आणला आणि तिच्यापुढे धरला. "ही ओळ बघ. तुला त्याच दिवशी जाता आलं असतं. मी लपवलं. शिव्या दे मला, काय वाट्टेल ते कर."

तिने कागदाकडे पाहिलंही नाही. "माझ्याकडे प्रत आहे ना. तेव्हाच वर जाऊन वाचली होती."

"मग गेली का नाहीस, बाई?"

"तुम्ही कागद कागद करत होतात आणि तुमच्या हातातला चहा हिंदकळत होता. म्हटलं, काकूंना सवय व्हायला दोन महिने तरी लागतील. डॉक्टर म्हणाले होते, आईला अजून वर्ष आहे." मग पहिल्यांदाच तिचा आवाज चढला. "तुम्हाला दिले मी ते दिवस. आईचे होते ते!"

मी रडले, ती रडली नाही. वर जाऊन तिने एक बॅग भरली. खाली येऊन माझ्यासमोर उभी राहिली.

"आता जाऊ का?" तिने विचारलं. टोमणा नव्हता तो. खरंच विचारत होती.

"जा," मी म्हणाले. एवढा एक शब्द, आणि तो म्हणायला मी पाच आठवडे लावले.