वीतभर आणि हातभर

थोरलीला मासे आवडत नसत, आणि पोटासाठी मात्र ती रोज मासेच वाटून काढत असे. कारखान्यांची रसायनं नदीत किती मुरलीत, हे तपासणाऱ्या सरकारी प्रयोगशाळेत तिला सहा वर्षं झाली होती. मासे आणायचे, मिक्सरमधून काढायचे, त्यांचा अर्क यंत्राला पाजायचा आणि येईल तो आकडा अहवालात लिहून खाली झोकात सही ठोकायची. आकडा दर वेळी इतका किरकोळ येई, की 'खाण्यास सुरक्षित' हे शब्द तिच्या बोटांना पाठ झाले होते.

या अहवालांचा सगळ्यात मोठा भक्त म्हणजे तिचे बाबा. जन्मभर घड्याळाच्या काट्यावर बस हाकलेला हा माणूस निवृत्त झाल्यापासून गळ टाकून अर्धा अर्धा दिवस ढिम्म बसे आणि दर रविवारी मासा घेऊन धाकटीच्या दारात हजर होई. धाकटी पहिल्यापासून लाडावलेली, मधला जाड तुकडा कायम तिचा. आता तिला सातवा महिना लागला होता, त्यामुळे बाबांच्या उत्साहाला धरबंधच उरला नव्हता. जावयाने एकदा भीत भीत विचारलं, "बाबा, नदीचा मासा तिला चालतो ना?" बाबांनी खिशातून अहवालाची घडी काढून त्याच्या नाकासमोर धरली. "ही सही कुणाची आहे? वाचता येतं ना?" जावयाने ताट पुढे ओढलं.

त्या बुधवारी थोरली डबा घरी विसरली आणि बाबा तो द्यायला प्रयोगशाळेत आले. ट्रेमध्ये वीत-वीतभर मासे ओळीने मांडलेले पाहून त्यांना हसू आवरेना.

"हे तपासता होय तुम्ही? अगं, ही तर पोरंटोरं!"

"मग काय झालं?"

"असले आम्ही गळातून सोडवून परत पाण्यात टाकतो. कोपरापासून बोटांपर्यंत भरला, तरच घरी न्यायचा. आमच्या काठावरचा नियमच आहे तो. कुणी मोडत नाही."

"मिक्सरच्या भांड्यात एवढेच बसतात, बाबा," ती म्हणाली, आणि म्हणता म्हणताच तिने ट्रेमधल्या माशाशेजारी आपला हात कोपरापासून लावून पाहिला.

ही रसायनं भारी चिवट. कुजत नाहीत, विरत नाहीत. गाळातल्या अळीच्या अंगात कणभर जातात. छोटा मासा अशा शेकडो अळ्या गिळतो, मोठा मासा असे शेकडो छोटे मासे गिळत वर्षानुवर्षं जगतो, आणि खालच्या सगळ्यांचं त्याच्या अंगात साठत जातं. थोरलीने परीक्षेत हे लिहून पैकीच्या पैकी गुण मिळवले होते. पण तिच्या आधीचा माणूस वीतभर मासे आणायचा, म्हणून तीही वीतभरच आणत राहिली. सहा वर्षं तिने नेमके तेच मासे तपासले, जे कुणी खात नव्हतं. आपल्याच दोन मुस्कटात द्याव्यात असं तिला वाटलं.

"घरी मोठा आहे का एखादा?"

"अर्धा आहे फ्रीजरमध्ये. का? लागली का गोडी शेवटी?"

"तपासायचाय," ती म्हणाली. बाबांना त्यात काहीच वावगं वाटलं नाही. उलट आपल्या माशाचा मान वाढला म्हणून स्वारी खूश झाली.

गुरुवारी तिने सुरी घेऊन त्या माशाचे तुकडे केले आणि ते भांड्यात बसवले. इतकं सोपं होतं ते. धाकटीला फोन करायला तिने दोनदा मोबाइल उचलला आणि दोनदा ठेवला. आधी आकडा तर येऊ दे, उगीच कशाला घाबरवा, अशी तिने स्वतःची समजूत घातली. खरं म्हणजे तिची हिंमत होत नव्हती.

रविवारी सकाळी आकडा आला. छोट्या माशांच्या साठपट. तिने अर्क पुन्हा लावून पाहिला, तर तेच. मग पांढरा कोट अंगात तसाच ठेवून तिने रिक्षा गाठली.

धाकटीकडे ताटं वाढून झाली होती. थोरलीने आल्या आल्या तिच्या पुढ्यातलं ताट उचललं.

"अगं ए! स्वतःला आवडत नाही म्हणून माझ्या तोंडचं काढतेस?"

"खाऊ नकोस. बाबा, तुम्हीही नका खाऊ." थोरलीने ताट ओट्यावर नेऊन ठेवलं. "माझी चूक आहे. माझे सगळे अहवाल चुकीच्या माशांचे होते." आणि तिने एका दमात सगळं सांगून टाकलं, ती बुधवारपासून गप्प बसली होती हेसुद्धा.

बाबांनी हातातला घास खाली ठेवला. "मीच भरवत होतो तिला," ते हळूच म्हणाले. "पुरे पुरे म्हणायची, तरी."

धाकटीने दोन्ही हात पोटावर घेतले. "याला काही होईल?"

थोरलीला 'काही नाही होणार' म्हणायचं होतं. ते वाक्य जिभेवर आलंही होतं. "माहीत नाही," ती म्हणाली. "उद्या डॉक्टरांकडे जाऊ. तुझं रक्त तपासू. बाबांनीही इतकी वर्षं हेच मासे खाल्लेत, म्हणजे त्यांचंही."

धाकटीने पुढ्यातली वाटीही दूर सारली. रागावली होतीच ती, आणि तिने का रागावू नये? मग तिने नाक पुसलं. "बाबांचं कसलं काढतेस? सुई पाहिली की बसथांब्यापर्यंत पळतात ते."

बाबांनी तोवर शर्टाची बाही कोपराच्या वर दुमडली होती. "पहिलं माझं काढ," ते म्हणाले. "आत्ता निघायचं का?"